कोरी सोडलेली बोडी

“ही माती आधी टेबलावरून उचला,” खेडीकर साहेब म्हणाले.

“राहू द्या जी साहेब, थोडा वेळ,” कौतिकाबाई म्हणाली. पिशवीतून तिनं प्लास्टिकची बाटली काढली आणि तिच्यातलं पाणी गंजात ओतून दिलं.

जर्मनचा जुना गंज होता, म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं, एका बाजूनं पोचा आलेलं. त्यात चार-पाच ढेकळं. मे महिन्यात भेगाळलेल्या जमिनीतून कुदळीनं काढावी लागतात तसली, टणक. पाणी पडल्यावर ती बुडबुडे सोडायला लागली. टेबलाच्या हिरव्या कापडावर दोन थेंब सांडले, तर साहेबांनी तोंड असं केलं, जणू त्यांच्या ताटातच कुणी हात घातला.

अठरा वर्षं झाली या गोष्टीला. भंडाऱ्याकडच्या एका नगरपरिषदेत, नगररचना विभागात मी आरेखक होते. म्हणजे नकाशे काढायचं काम. त्या वर्षी गावाचा पुढच्या वीस वर्षांचा विकास आराखडा तयार झाला होता. रस्ता कुठून जाणार, शाळा कुठं, बाजार कुठं, सगळं एका मोठ्या नकाशावर. तो लोकांसमोर मांडायचा, लोकांनी हरकती घ्यायच्या आणि समितीनं त्या ऐकून घ्यायच्या, असा कायदा. ऐकून घ्यायच्या म्हणजे कानावर पडू द्यायच्या. समितीत आमचे नगररचनाकार खेडीकर साहेब आणि दोन नगरसेवक. त्यांतला एक सकाळपासून मोबाईलवर कुणाच्या तरी लग्नाचा हॉल ठरवत होता. भिंतीला नकाशा टांगलेला आणि बाजूला हातात काठी घेऊन मी. हरकत घेणाऱ्यानं जागा सांगितली की काठीचं टोक तिथं ठेवायचं. मास्तरणीसारखी उभी होते, शिकवत मात्र काही नव्हते.

हरकत क्रमांक एकशे सतरा. कौतिकाबाई नान्हे, ढिवर मोहल्ला, शुक्रवारी वॉर्ड.

“जागा कोणती?” साहेबांनी विचारलं.

“बोडी जी.”

मी काठी ठेवली. टेकडीच्या पायथ्याशी, ढिवर मोहल्ल्याच्या वरच्या अंगाला नकाशावर एक हिरवा तुकडा होता. त्यावर आकडा एक्केचाळीस. यादीत एक्केचाळीसपुढं छापलेलं, ‘निसर्ग उद्यान व सांस्कृतिक भवन’.

आमच्याकडं बोडी म्हणजे लहान तळं. मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळात कुणीतरी मातीची पाळ घालून अडवलेलं. पावसाळ्यात भरतं, होळीपर्यंत पाणी टिकतं, उन्हाळ्यात कोरडं पडतं. ढिवर लोक पिढ्यान्‌पिढ्या त्यात मासोळी धरतात. कौतिकाबाई तेव्हा पन्नाशीची असेल. काळीसावळी, ताठ, हिरवं लुगडं, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायची सवय. साहेब लोकांना ही सवय आवडत नाही.

“मग हरकत कसली घेताय बाई?” साहेब म्हणाले. “तुमच्या घराशेजारी बाग होतेय. कारंजं होईल, बाकडी येतील. गावातल्या लोकांना हेवा वाटेल तुमचा.”

“बाग पाण्यात कशी होईन जी? आधी त्याच्यात मुरूम टाकाच लागन ना. मुरूम टाकला का बोडी मेली. बत्तीस घरं आहेत आमची. ते बत्तीस घरं खातीन का कारंजं?”

मोबाईलवाला नगरसेवक हसला. फोन कानाला तसाच.

त्या वेळी साहेबांच्या शेजारी पुण्याहून आलेला सल्लागार बसला होता. निनाद त्याचं नाव. असेल तिशीचा, खादीचा कुडता, गोड बोलणं. आराखड्याच्या अहवालात त्यानं सातवं प्रकरण लिहिलं होतं, ‘नगरनियोजनात परिसंस्था सेवांचा समावेश’. निसर्ग गावाला फुकटात काय काय देतो ते मोजायचं आणि नकाशा काढताना त्याचा विचार करायचा, असा त्याचा मुद्दा. मुद्दा चांगला होता, मी आजही म्हणते. प्रकरणाच्या शेवटी त्याचा एक तक्ता होता, तो मीच स्टेन्सिलनं अक्षरं काढून सुबक करून दिला होता. अन्नपुरवठा. पूरनियंत्रण. भूजल पुनर्भरण. सांस्कृतिक सेवा. खाली गावातल्या जागांची नावं आणि पुढं गुण.

निनादनं पुढं वाकून विचारलं, “मावशी, या जागेचा तुम्हाला नेमका उपयोग काय होतो, ते सांगाल?”

“सांगतो ना. मासोळी बोडीतली. अन् कडंकडंनं देवधान होते. पेरा लागत नाई, आपोआप होते. ते आमी बाया झोडून आणतो, निवडतो. रिषीपंचमीले तुमच्यासारख्याच्या घरी उपासाले जाते ते. मंग पावसाळ्यात टेकडीचं पाणी धडधड उतरते, ते बोडी धरून ठेवते, म्हून खालचा वॉर्ड बुडत नाई. बोडीत पाणी असन त मोहल्ल्यातल्या विहिरींले पाणी. अन् गौरी शिरवतो आमी तिथंच, त्याच पाण्यात. आखीन काय पाह्यजे?”

निनादचा चेहरा खुलला. “बघा साहेब,” तो म्हणाला, “लोकज्ञान म्हणतात ते हेच. याच्यासाठीच आपण सातवं प्रकरण केलं.”

त्याच्या तक्त्यातल्या चारही ओळी, त्याच क्रमानं, त्या बाईनं एका दमात बोलून दाखवल्या होत्या. मी नकाशाजवळ उभी राहून मोजल्या. मला वाटलं, आता हा पेन काढणार आणि एक्केचाळीसवर काट मारणार.

त्यानं अहवालाची पानं चाळली. एका ओळीवर बोट ठेवलं. “पण एक अडचण आहे मावशी. या जागेवर जलसाठ्याची नोंदच नाही. सध्याच्या वापराच्या नकाशात ती मोकळी जागा आहे. त्यामुळे तक्त्यात तिचे गुण शून्य आलेत.”

“शून्य म्हणजे?”

“म्हणजे सध्या ही जागा गावाला काहीच देत नाही. उद्यान झालं की देईल.”

त्या खोलीत त्या माणसाचा मला राग आला नाही, इतका तो मनापासून बोलत होता. आता येतो. तळपायाची आग मस्तकात जाते. तुझ्यापुढं जिवंत बाई उभी आहे, तू लिहिलंस तेच सांगते आहे, आणि तू मान खाली घालून छापलेल्या कागदात बघतोस.

“कागद काही आहे का तुमच्याकडं?” साहेबांनी विचारलं.

“पटवारी म्हणते नगरपरिषदेत जा. नगरपरिषदेतले म्हणतात पटवाऱ्याकडं जा. सातबाऱ्यावर पडीत लिवलं आहे.”

“म्हणजे पुरावा नाही.”

“हे आणला ना पुरावा.” तिनं गंजाकडं बोट केलं. “तिले थोडा वेळ लागते जी. तोवर बाकीच्यायचं ऐका, मी बसतो कोपऱ्यात.”

“बाई, चिखल म्हणजे पुरावा नव्हे.” साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आवाज चढवला नाही. ते कधीच चढवत नसत. “हे बघा, इथं एकच नियम चालतो. नकाशा प्रमाण. मी म्हणतो म्हणून नाही, तुम्ही म्हणता म्हणूनही नाही. नकाशावर पाणी असेल तर पाणी. नसेल तर नाही. उगाच नाही आम्ही दोन वर्षं घातली. गावातल्या प्रत्येक जागेवर आमचा माणूस जाऊन आला आहे.”

“हव जी, आला होता ना,” कौतिकाबाई म्हणाली. “आमच्या बोडीवर हेच पोरगी आली होती. इले इचारा.”

आणि तिनं माझ्याकडं हात केला.

आता सांगते. लपवून तरी काय करू, अठरा वर्षं लपवलंच.

आदल्या वर्षीच्या मे महिन्यात सध्याच्या वापराचं सर्वेक्षण झालं. गावातली प्रत्येक जागा पायी फिरून बघायची आणि नकाशाच्या तुकड्यावर रंगाची खूण करायची. घरं पिवळी, दुकानं वेगळी, पाणी निळं. आणि मोकळी जागा म्हणजे रंगच नाही, कागद कोरा सोडायचा. हे काम आम्ही नेहमी मे महिन्यातच करतो. पावसाळ्यात नकाशे भिजतात, चिखलात गाड्या जात नाहीत, दिवाळीनंतर निवडणुका नाहीतर बजेट. म्हणून मे. साऱ्या जिल्ह्यातल्या बोड्या ज्या महिन्यात आटलेल्या असतात, नेमका तोच महिना आम्ही पाणी शोधायला निवडला होता. आणि हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. इतकी वर्षं सर्वे होत होते, एकालाही सुचलं नाही.

शुक्रवारी वॉर्ड माझ्याकडं होता. दुपारी बाराच्या सुमाराला मी बोडीच्या पाळीवर पोचले तेव्हा डोळ्यांपुढं अंधारी येत होती. समोर नुसती भेगाळलेली जमीन. मधोमध दोन-तीन बायका खड्डा खणून वाटीनं पाणी काढत होत्या. त्याला आमच्याकडं झिरा म्हणतात. त्यातली एक कौतिकाबाई. मला पाळीवर बसलेलं बघून ती वर आली. याच पोचा आलेल्या गंजातून तिनं मला पाणी दिलं. थंडगार होतं, मातीचा वास असलेलं. मी दोनदा मागून घेतलं.

“कायचा नकाशा काढून राह्यली व?” तिनं विचारलं.

मी सांगितलं.

“मंग हे बोडी लिव बरं नीट. सुकली दिसते, पण खालतं सारं आहे. पाणी आहे, मासोळी आहे, गोगलगाई आहेत. पाऊस पडला का सारे उठतात.”

मी हो म्हटलं. त्या दिवशी संध्याकाळी ऑफिसात मी खेडीकर साहेबांना विचारलंही होतं. “सर, शुक्रवारी वॉर्डात एक जागा आहे, तिथं बोडी आहे म्हणतात.”

“पाणी दिसलं तुला?”

“नाही सर. पण झिरा—”

“सर्वेच्या दिवशी जे दिसेल ते. नाही दिसलं तर कोरी सोड.”

आणि मी कोरी सोडली. निळी पेन्सिल हातात होती, खाली ठेवली. मी सहा-सहा महिन्यांच्या ऑर्डरवर लागलेली, कायम होण्याचा प्रस्ताव साहेबांच्या टेबलावर, घरी बाबा आजारी, दोन धाकट्या बहिणी. ही सगळी कारणं खरी आहेत. पण त्या संध्याकाळी मला यातलं एकही आठवलं नव्हतं. मला फक्त घरी जायचं होतं, ऊन लागलं होतं. वर्षभरानं त्याच कोऱ्या जागेवर साहेबांनी हिरवा रंग भरायला सांगितला, तोही मीच भरला. मोकळी सरकारी जागा म्हटल्यावर सांस्कृतिक भवन डोक्यात येतंच.

तर सुनावणीत कौतिकाबाईनं माझ्याकडं हात केला, आणि साहेबांनी मान वळवली. त्यांना माझं त्या संध्याकाळचं विचारणं आठवत होतं. त्यांच्या बघण्यातच ते होतं.

“लांजेवार मॅडम,” ते म्हणाले, “सर्वेच्या वेळी या जागेवर काय होतं?”

एक शब्द पुरला असता. झिरा. तेवढा म्हटला असता तर निनादला पेन काढावं लागलं असतं.

“जागा मोकळी होती सर,” मी म्हणाले.

“या बाई तुम्हाला भेटल्या होत्या?”

“आठवत नाही सर.”

साहेबांनी कागदावर ‘हरकत अमान्य’ लिहिलं. तीन सेकंद लागले असतील. “पुढचे कोण?” त्यांनी विचारलं.

कौतिकाबाई भांडली नाही. मला वाटलं होतं आता ती आकांडतांडव करेल, मला शिव्या घालेल. तिनं पिशवी उचलली, जाताना माझ्याजवळ थांबली आणि हळू आवाजात म्हणाली, “त्या दिवशी तू पेली ते पाणी कोठचं होतं, एवढं त सांगाचं होतं पोरी.”

गंज टेबलावरच राहिला.

दीड वाजता जेवणाची सुट्टी झाली. समितीचं जेवण रेस्ट हाऊसवर होतं, सगळे गाडीत बसून तिकडं गेले. जाता जाता साहेब म्हणाले, “ही घाण बाहेर फेकायला सांग सदारामला.” सदाराम म्हणजे आमचा शिपाई, तोही गाडीबरोबर गेलेला. मग मीच गंज उचलला आणि आमच्या ऑफिसात आणून माझ्या ड्रॉइंग टेबलाच्या कडेला ठेवला. टेबलावर आराखड्याचा मूळ नकाशा पसरलेला होता. भिंतीवर टांगतात ती त्याची प्रत. मूळ नकाशा फिल्मवर, हातानं रंगवलेला. तोच पुढं सहीला आणि मग मुंबईला जायचा. सुनावणीत मान्य झालेले बदल त्यावर करायचे होते आणि ते मलाच करायचे होते. ब्लेडनं जुना रंग खरवडायचा, नवा भरायचा. त्या टेबलावर ते माझं रोजचं काम होतं.

डबा उघडला, तसाच परत लावला. अशीच बसून राहिले. मग गंजातून बारीक टकटक ऐकू आली.

ढेकळं विरघळून चिखल झाला होता. त्यातून सुपारीएवढी एक गोगलगाय वर आली होती आणि गंजाच्या कडेला तिचं कवच लागत होतं. ती कड ओलांडून टेबलावर उतरली. तिच्यामागून दुसरी. पहिली चालत चालत नकाशावर आली. बाजार ओलांडला, स्टेशनचा रस्ता ओलांडला. मागं ओलसर रेघ. मी बघत राहिले आणि मला राग आला. साहेबांचा, त्या खादीच्या कुडत्याचा, हॉल ठरवणाऱ्या त्या नगरसेवकाचा. आणि सगळ्यात जास्त माझा. अर्धा तास धीर धरला असता कुणी तर पुरावा आपल्या पायांनी चालत आला असता त्यांच्यापुढं. तिनं सांगितलं होतं ना, थोडा वेळ लागते म्हणून. अर्धा तास नव्हता त्यांच्याकडं. गावाची वीस वर्षं ठरवायला बसले होते.

मी गोगलगाय उचलून गंजात ठेवली. नकाशा फडक्यानं पुसला. ब्लेड घेतलं आणि एक्केचाळीस खरवडला. मग हिरवा खरवडला, कडेकडेनं, फिल्मला ओरखडा येऊ न देता. निळी पेन्सिल घेतली आणि बोडी भरली, पाळीपासून पाळीपर्यंत. वर बारीक अक्षरात लिहिलं, बोडी. ज्या गोष्टीला वर्षभरापूर्वी पाच मिनिटं लागली असती, तिला वीस मिनिटं लागली.

हा गुन्हा होता. समितीनं अमान्य केलेला बदल मी नकाशात केला होता. पकडले गेले असते तर नोकरी गेली असती, कदाचित पोलिसही आले असते. मला त्याची जाणीव होती. ऐन सुनावणीत खरं बोलायला मला भीती वाटली होती, आणि बंद खोलीत खोटं करायला वाटली नाही. असलं माझं शौर्य.

संध्याकाळी सायकलच्या हॅण्डलला गंज अडकवून बोडीवर गेले. पाळीवर कुणी नाही असं बघून चिखल आणि गोगलगाई आत सोडल्या. गंज परत द्यायला मोहल्ल्यात जायला हवं होतं. पाय उचलला नाही. घरी घेऊन आले.

दोन आठवड्यांनी मान्य झालेले चाळीस बदल करून नकाशा साहेबांपुढं ठेवला. त्यांनी विचारलं, “सगळं झालं?” मी हो म्हटलं. त्यांनी नकाशाच्या कोपऱ्यात सही केली, खाली तारीख घातली, शिक्का मारला. नकाशाकडं बघितलंही नाही. मी घाबरून त्यांच्या नजरेवर नजर ठेवून होते म्हणून खात्रीनं सांगते, त्यांची नजर कोपऱ्यातून हलली नाही. नगरसेवकांनी त्यांच्याखाली सह्या केल्या. पुढं मुंबईपर्यंत जेवढ्या टेबलांवर तो गेला तेवढ्या टेबलांवर सह्या झाल्या. बोडी जशी कुणी न बघता गेली होती, तशीच कुणी न बघता परत आली.

तीन वर्षांनी आराखडा मंजूर होऊन आला. दुसऱ्याच महिन्यात सांस्कृतिक भवनाचा ठेकेदार मुरमाच्या गाड्या घेऊन बोडीवर पोचला, कारण छापील यादीत एक्केचाळीस नंबर तसाच होता. यादी बदलायला मला जमलं नव्हतं. मोहल्ल्यातल्या बायका गाड्यांपुढं बसल्या. कुणीतरी मंजूर नकाशाची प्रत मागितली. प्रत उघडली, तर बोडी निळी.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावायला सांगितलं.

“हे कसं झालं?”

“काय सर?”

“लांजेवार, मला शिकवू नकोस. यादीत उद्यान आहे, नकाशात पाणी आहे. हे पाणी कुठून आलं?”

नकाशाच्या तळाशी एक ओळ होती. प्रत्येक नकाशाच्या तळाशी असते, मीच स्टेन्सिलनं काढली होती. यादी आणि नकाशा यांत फरक आढळल्यास नकाशा ग्राह्य धरावा. मी त्या ओळीवर बोट ठेवलं. मग बोट तसंच सरकवत त्यांच्या सहीपर्यंत नेलं.

“नकाशा प्रमाण, सर,” मी म्हणाले.

त्यांनी नकाशाची घडी घातली. चौकशी लावली तर पहिला प्रश्न विचारला जाणार होता, की न बघता सही कशी केली. सांस्कृतिक भवन दुसऱ्या वॉर्डात गेलं. माझी बदली झाली, दुसऱ्या एका तालुक्याच्या गावी, तीन वर्षं. ती मी मुकाट्यानं भोगली.

ही गोष्ट इथं संपवता आली असती आणि मी बरी दिसले असते. पण गेल्या श्रावणात नागपूरला नगररचनेवर एक कार्यशाळा होती. मलाही पाठवलं होतं. व्यासपीठावर निवृत्त खेडीकर साहेब, शेजारी निनाद, आता केस पांढरे झालेला. पडद्यावर आमच्या बोडीचा फोटो. भरलेली, कमळं फुललेली, कडेला देवधान. खाली लिहिलेलं, ‘परिसंस्था सेवांचा नियोजनात समावेश: एक यशस्वी उदाहरण’. साहेब सांगत होते की त्या काळी विरोध पत्करून त्यांनी ती जागा कशी राखली. लोकांचं ऐकून घेणं किती महत्त्वाचं असतं. टाळ्या झाल्या. माझ्या शेजारच्या पोरीनं तर वहीत लिहून घेतलं. मी उठून बाहेर आले. तिथं उभं राहून ओरडावंसं वाटत होतं. पण ओरडून सांगणार काय, की तो निळा रंग माझा? मग त्याआधीचा कोरा कुणाचा?

दुसऱ्या दिवशी कपाटावरून गंज काढला, घासला आणि बस धरून गावी गेले. म्हटलं, निदान एका माणसाला तरी खरं सांगावं. आतून एक आशाही होती, ती लपवत नाही. वाटत होतं, बाई म्हणेल, पोरी, तूच वाचवली ग आमची बोडी.

कौतिकाबाई पाळीवर बसली होती, जाळ्याची सुटलेली गाठ बांधत. खूप थकलेली. तरी मला लगेच ओळखलं. पलीकडं बोडी काठोकाठ भरली होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. ब्लेड, पेन्सिल, गोगलगाय, साहेबांची सही, बदली. तिनं मधे एकदाही तोडलं नाही. जाळ्यावर हात चालू होते.

“म्हंजे निळा रंग तू भरला,” ती म्हणाली.

“हो मावशी.”

“बरं केलं.” तिनं गाठ दातानं आवळली. “बत्तीस घरं जगली. नाई म्हणत नाई मी.”

मी एक पाऊल तिच्याजवळ सरकले.

“पण मी आठ वर्षं मोहल्ल्यात तोंड घेऊन फिरली नाई, ठाऊक आहे तुले? गाड्या आल्या, परत गेल्या, तरीबी बाया म्हणत, कौतिका साहेबायपुढं खोटी पडली, काई कामाची नाई. मासोळीच्या सोसायटीतून काढलं मले. मी म्हणो, पोरीले पाणी देल्लं होतं मी, माह्या हातानं. कोनी मानो नाई. मीच मंग म्हणो, देल्लं होतं का नाई, बाप्पा.” ती पहिल्यांदा वर बघून बोलली. तेच, सरळ डोळ्यांत. “त्या खोलीत पाच-सहा माणसं होती. त्यायच्यापुढं सांगतलं का तू कधी?”

मी नाही म्हणाले.

“मंग मले सांगून काय होते? मले त ठाऊकच होतं, खोटी कोन होती ते.”

तिनं हात पुढं केला. मला आधी कळलं नाही. मग मी गंज तिच्या हातात दिला. तिनं तो फिरवून पोचा आलेली बाजू बघितली, आपलाच आहे याची खात्री केली आणि पलीकडं ठेवला. मग जाळं परत मांडीवर घेतलं आणि पुढची फाटलेली जागा शोधायला लागली. ऊन चांगलंच तापलं होतं. ती मला बस म्हणाली नाही, पाणीही विचारलं नाही.